जुन्या बंदुकीवर सिंहाचा शिक्का, ‘टॉवर’ आणि १७८६ साल आहे. ती अस्सल आहे का? किंमत किती धरावी?

तुम्ही लिहिलंय की बंदूक चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) आहे, घोड्याच्या पट्टीवर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, उभा सिंह, ‘टॉवर’ हा शब्द आणि १७८६ साल आहे, आणि विकणारा ती खडकीच्या लढाईतली सांगतो. या तीन खुणा एकाच पट्टीवर असतील, तर माझ्या मते ती पट्टी बनावट आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी चार भाग पाडलेलं बदाम असायचं, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. सोबत ठेकेदाराचं नाव आणि साल. १८०८ च्या सुमारास बदाम गेलं आणि उभा सिंह आला. म्हणजे १७८६ च्या पट्टीवर सिंह असायला नको. ‘टॉवर’ ही ब्रिटिश सरकारी शस्त्रखात्याची खूण, तिच्याबरोबर मुकुट आणि जी-आर (राजा जॉर्ज) ही अक्षरं असतात. आणि त्या खात्याने चकमकीच्या बंदुकांवर साल घालणं १७६४ मध्येच बंद केलं होतं. पुढे टोपीच्या (गारगोटीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने उडणाऱ्या) बंदुकांवर साल पुन्हा दिसतं, उदाहरणार्थ १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डवर. दुरुस्तीत एका बंदुकीची नळी दुसरीला बसवली जाई, म्हणून वेगवेगळ्या भागांवर वेगळ्या काळाच्या खुणा मिळणं साहजिक आहे. एकाच पट्टीवर तीन काळ मिळणं नाही.

तरी लाकूड किंवा नळी खरी असू शकते, म्हणून पुढची तपासणी करा. पण सगळ्यात आधी ती भरलेली नाही ना ते बघा. ठासणीच्या (तोंडाकडून दारू ठासून भरायच्या) बंदुका भरलेल्या अवस्थेत पिढ्यानपिढ्या पडून राहतात आणि कोरडी दारू आजही पेटते. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी हलकेच आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावा. टोक रंजकाच्या भोकापाशी, म्हणजे वाटीतल्या पेटत्या दारूची (रंजकाची) आग नळीत जाते त्या मागच्या बारीक भोकापाशी, पोहोचायला हवं. दोन-तीन सेंटीमीटर अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नका, शस्त्रांच्या परवानाधारक कारागिराकडे न्या.

मग नळी मोजा. कंपनीच्या पायदळाच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंच, म्हणजे सुमारे ९९ सेंटीमीटर, आणि तोंडाचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर. आत टॉर्च मारा. लांबीभर सरळ वेल्डिंगची रेघ दिसली तर तो पाण्याचा पाइप आहे. पर्यटकांसाठी बनवलेल्या नगांत हे सर्रास दिसतं, कित्येकांत रंजकाचं भोक आरपारही नसतं.

गंज कुठे आहे तेही बघा. वापरलेल्या बंदुकीत रंजकाची वाटी, भोक आणि नळीचं मागचं टोक जास्त खाल्लेलं असतं, कारण जळलेल्या दारूची राख तिथे ओलावा धरते. सगळीकडे सारखाच तांबूस गंज असेल तर तो अ‍ॅसिडचा असण्याची शक्यता जास्त. खरा शिक्का ठशाने ठोकलेला असतो, रेषा तीक्ष्ण लागतात. ओतीव अक्षरांच्या कडा गोलसर आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसतात.

पट्टी उघडायची तर घोडा अर्ध्यावर ओढून ठेवा. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन्ही स्क्रू चार-पाच आटे सैल करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने हलके ठोका, पट्टी सरळ बाहेर येते. एका बाजूने उचकटलीत तर लाकडाची कड फुटते. आतल्या भागांवर कानशीने पाडलेल्या जुळणीच्या खुणा असतात, त्या सगळीकडे सारख्या असतील तर फार चांगलं.

किंमत. मी आकडा सांगणार नाही, कारण फोटोविना सांगितलेला आकडा तुमचं नुकसानच करेल. मूळ भाग किती, नळी कापलेली आहे का, टोपीची केलेली बंदूक पुन्हा चकमकीची केली आहे का, यावर भाव ठरतो. पॉलिश करून चकचकीत केलेली वस्तू जाणकार घेत नाहीत, तेव्हा ब्रासो लावू नका. लंडनच्या लिलावातले आकडे इथे लागू पडत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे तुमचा बाजार भारतातलाच. खडकीच्या गोष्टीसाठी एक पैसाही जास्त देऊ नका, बंदूक ज्या घराण्यातून आली त्याच्या कागदपत्रांत तिची नोंद विकणाऱ्याने दाखवली तरच विचार करा.

परवान्याचं आधी ठरवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच जुन्या बंदुकीला आहे. नुसती जुनी असणं पुरत नाही. खरी निघाली आणि चालण्याजोगी असेल, तर परवान्याशिवाय घरी नेऊ नका. पैसे देण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. नळीच्या मागच्या टोकाच्या डाव्या वरच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. नळी दारूचा दाब सोसते का याच्या चाचणीचे शिक्के तिथेच असतात, त्यावरून नळीबद्दल नक्की सांगता येईल.