ज्यू मैत्रिणीला किद्दुशचा (शब्बाथला वाइनच्या कपावर म्हणतात त्या प्रार्थनेचा) कप भेट द्यायचाय, साइज कुठली घेऊ? कुणी 86 मिली सांगतं, कुणी 150, खरं कुठलं?

150 मिलीच्या थोडा वरचा घ्या, मैत्रिणीच्या घरी कुठलंही मत पाळत असले तरी चालेल. आणि दोन्ही आकडे खरेच आहेत, कारण ते एकाच मापाचे आहेत.

मापाचं नाव रेविईत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाआधी ज्या कपावर किद्दुश म्हणतात त्यात निदान एक रेविईत वाइन मावली पाहिजे, हा नियम. आता तालमूदच्या, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या ग्रंथाच्या, काळात मिली कुठून येणार, तेव्हा हे माप दोन तऱ्हांनी सांगितलंय, एक म्हणजे दीड अंड्याएवढं आणि दुसरं अंगठ्याच्या रुंदीवर: दोन अंगठे लांब, दोन अंगठे रुंद आणि 2.7 अंगठे उंच भांड्यात मावेल तेवढं. म्हणजे 10.8 घन अंगठे. अंगठा 2 सेंमी धरला तर 86 मिली येतात आणि 2.4 सेंमी धरला तर जवळजवळ 150. फरक फक्त चार मिलिमीटरचा, पण लांबी-रुंदी-उंची तिन्हीत तो गुणला जातो ना.

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहेझ्केल लांडाऊ यांनी अंडं आणि अंगठा दोन्ही मोजून बघितले तर हिशेब जुळेना, जवळपास दुपटीचा फरक, मग ते म्हणाले की हल्लीची अंडीच जुन्या अंड्यांच्या निम्मी झालीत, अंगठ्यावर विश्वास ठेवा. पुढे इस्राएलमधल्या बने ब्राकचे रब्बी हझोन इश याच बाजूचे, म्हणून 150. जेरुसलेमचे रब्बी नाए यांनी वेगळा रस्ता धरला, रंबाम या मध्ययुगीन ज्यू पंडिताने रेविईतभर पाण्याचं वजन साधारण 27 दिरहम (वजनाचं जुनं माप) सांगितलंय आणि तिथला तुर्की दिरहम 3.2 ग्रॅमचा, म्हणून 86. (रंबामच्या काळचा दिरहम हलका होता, असं म्हणणारे 75-76 वरही येतात.) मला स्वतःला नाएंचंच पटतं, वजनाला बाजारात रोजचा वापर असतो, अंगठा काय माणसागणिक बदलतो. पण शुक्रवार रात्रीच्या किद्दुशची आज्ञा थेट तोराहमधली, म्हणजे मूळ धर्मग्रंथातली, धरतात म्हणून बरेच जण तिथे मोठं माप घेतात, तेही मला योग्यच वाटतं.

अख्खा कप संपवावा लागत नाही हं. म्हणणाऱ्याने रेविईतच्या अर्ध्याहून जास्त, एक गाल भरेल एवढं प्यायलं की झालं, बाकीचे घोट घोट घेतात. पेसाह सणाच्या सेदरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, मात्र चार कप असतात, मोठ्या मापाने अख्खे प्यायचे तर 600 मिली, बाटलीच 750ची असते! म्हणून तिथेही अर्ध्याहून जास्त चालतं, द्राक्षाचा रसही चालतो. तालमूदच्या काळची वाइन इतकी कडक असायची की एका भागात तीन भाग पाणी घालायचे, म्हणजे रेविईतभर कपात निव्वळ वाइन पावच.

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांमध्ये तर वाइन नसायचीच बहुतेक. कोकणातल्या गावात कोशर (ज्यू आहारनियमांनुसार बनवलेली) वाइन कुठे मिळणार, मग काळे मनुके भिजत घालायचे, कुस्करून गाळायचे आणि त्या शरबतावर किद्दुश म्हणायचा. हा काही नाइलाजाचा जुगाड नाही, मनुक्यांचा रस किद्दुशला चालतो हे तालमूदमध्येच आहे आणि त्यावर आशीर्वादही वाइनचाच म्हणतात, द्राक्षवेलीच्या फळाचा. आजही मुंबई-ठाण्यात कितीतरी घरांत हाच शरबत असतो, आणि मला तो कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा आपला वाटतो.

कप घेताना दुकानात काठोकाठ पाणी भरून ते मापाच्या ग्लासात ओतून बघा, कारण किद्दुशला कप काठोकाठ भरतात आणि बॉक्सवरचा आकडा कधी कधी वरच्या रुंद कडेमुळे फसवतो. कड कुठे चेपलेली किंवा तडकलेली नको. चांदीचा परवडला तर उत्तम, नाहीतर साधा स्टीलचा घेतलात तरी चालेल. सोबत वाइनची बाटली द्यायची असेल तर लेबलवर कोशरचा शिक्का बघून सीलबंदच द्या.