आई बरी दिसतेय, आता गोळ्या बंद करू का?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. बाबा गेल्यावर आई जेवेना, रात्र रात्र जागी, कोणाशी बोलेना. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं, एसिटॅलोप्राम ही उदासीनतेवरची गोळी सुरू केली, तीन महिने झाले, आता ती परत शेजारी जाऊन बसते. पण आत्या म्हणते डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, बंद करा, देवळात प्रसाद लावून देवाचा कौल विचारूया. बहिणीला स्थळं बघतोय, कोणाला कळलं तर? शिवाय दर महिन्याला बस बदलत जायचं म्हणजे माझी एक दिवसाची मजुरी जाते. काय करू?

उत्तर: दादा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगते. आई बरी दिसतेय ती गोळी चालू आहे म्हणून. या गोळीचा गुण यायलाच 2 ते 4 आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण 6 महिने तरी ती घ्यावी लागते, नाहीतर दुखणं उलटतं. एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं असं होतं आणि घरचे म्हणतात बघ, सवय लागली. ती सवय नव्हे, डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात तेव्हा हा त्रास सहसा टळतो. आत्या म्हणतात तशी खरी सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची, लोक दोन्हींना एकाच माळेत ओवतात. प्रसाद खुशाल लावा, पण त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

मजुरीचं वाचून मात्र जीव तुटला. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारागणिक 70 ते 92 टक्के मनोरुग्ण उपचाराविना असल्याचं दिसलं, आणि आपण सरळ अडाणीपणाला दोष देतो, बसभाड्याचं कोणी बोलत नाही! 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की सरकारच्या अत्यावश्यक यादीतली औषधं सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला हवीत. तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, जवळच्या वाळपईच्या केंद्रातच गोळ्या मिळतील असं लिहून द्याल का, दोन महिन्यांच्या एकदम देता येतील का. विचारायला लाजू नका, तो आईचा हक्क आहे. आपल्याच गोव्यात 'मानस' नावाचा अभ्यास झाला, 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात इथल्याच साध्या माणसांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं आणि सरकारी केंद्रांतले रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले. म्हणजे गावाजवळ उपचार होऊ शकतात.

स्थळांचं म्हणाल तर गोळी चार लोकांना दाखवायची गरज नाही, पण लपवायच्या भीतीने बंद केली आणि ऐन लग्नात आईने परत अंथरूण धरलं तर बहिणीला काय वाटेल? आत्याला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या. मधे काही अडलं तर 14416 वर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक मदतवाहिनीला फोन करा, फुकट आहे, रात्रीही उचलतात. आणि आई कधी 'जगून काय करू' म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घेऊन जा.