१२ बाय १४ फुटांच्या खोलीसाठी चार लाखांचे स्पीकर घ्यावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, कोल्हापुरातील १२ बाय १४ फुटांच्या बैठकीच्या खोलीत, मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी, चार लाखांचे उंच, जमिनीवरच उभे राहणारे (फ्लोअरस्टँडिंग) स्पीकर घ्यावेत का. आणि घरची मंडळी याला उधळपट्टी म्हणत असतील तर काय करावे. उत्तम स्पीकर अवश्य घ्यावेत, परंतु त्या खोलीत उंच स्पीकर घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांच्या आक्षेपाबद्दल मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही.

आमचे घर कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत आहे. खाली शहाबादी फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि खोली जवळजवळ आपल्याएवढीच. पुण्यातील एका दुकानात मी असेच उंच स्पीकर ऐकले आणि भारावून गेलो. तेथे जमिनीवर जाड गालिचे होते आणि भिंतींवर ध्वनी शोषणारी आवरणे होती. खोलीचा आवाजाशी फारसा संबंध नसतो, असे दुकानदार ठामपणे सांगत होता. मी मात्र अनामत रक्कम ठेवून जोडी घरी ऐकल्याशिवाय पैसे देणार नाही, यावर अडून बसलो. घरी विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातले गाणे लावले आणि पहिल्या आवर्तनातच प्रकार लक्षात आला. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून सूर चढवतो, तो चढ मुळी ऐकूच येईना. प्रत्येक ‘धिं’ एकाच सुरात घुमत होता आणि त्या घुमण्याखाली तानपुऱ्याचा खर्ज दबून जात होता.

याचे कारण साधे आहे. १४ फूट लांबीची खोली साधारण ४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या खोल सुराला, घुमते आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ८० हर्ट्झलाही. १२ फुटांची रुंदी ४७ आणि ९४ हर्ट्झला. डग्ग्याचा घुमारा याच टप्प्यात येतो. स्पीकर जितका खालचा आवाज जोमाने देईल, तितकी खोली त्यात आपली भर घालणार. फरशीवर दोन घोंगड्या अंथरल्या, समोरच्या भिंतीवर एक टांगली. त्याने टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट गेला, पण डग्गा तसाच राहिला, कारण घोंगडी वरचे स्वर शोषते, खर्जाला ती अडवू शकत नाही. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले तेव्हा थोडा फरक पडला, परंतु मग खोलीत माणसांना बसायला जागा उरेना. जोडी परत केली आणि तिच्या निम्म्याहून कमी किमतीत स्टँडवर ठेवायचे लहान बुकशेल्फ स्पीकर घेतले. लहान म्हणजे दुय्यम, हा समज सोडून द्यावा. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस ३/५ ए हा प्रसिद्ध स्पीकर स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या गाडीतील अरुंद जागेसाठीच घडवला होता.

आता उधळपट्टीविषयी. दादांचे म्हणणे असे की, आमच्या वडिलांनी आयुष्यभर रेडिओवर गाणे ऐकले, त्यांचे काय अडले? शिवाय पन्नाशीनंतर कानाला वरचे स्वर ऐकू येत नाहीत, मग एवढा खर्च कोणासाठी? वयाबरोबर वरची श्रवणशक्ती कमी होते हे खरे आहे. परंतु गळ्याचा कस, तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार), सारंगीची गळ्याला मिळालेली साथ हे सारे त्यापेक्षा बरेच खाली असते, आणि चांगला आणि सुमार स्पीकर यांतील फरक तिथेच कळतो. या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका मात्र हाती आहेत. त्या पिढीच्या गायनाचे जे उरले आहे ते ध्वनिमुद्रणातच उरले आहे, आणि ते नीट ऐकण्यासाठी पैसे खर्च करणे मला देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, बैठकीला जाण्याइतकेच योग्य वाटते. ज्या घरात गाडी बदलताना कोणी हिशेब मागत नाही, त्या घरात स्पीकरचाच हिशेब का मागावा, याचे उत्तर दादांनी मला अद्याप दिलेले नाही. वडील रेडिओला कान लावून बसत, ते आवड होती म्हणून. अधिक चांगले मिळाले असते तर त्यांनी नाकारले असते, असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपला संग्रह मुख्यतः १९२५ पूर्वीचा, म्हणजे कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांचा असेल, तर महागडा स्पीकर त्यात नसलेले काही आणून देणार नाही. उलट खरखर अधिक ठळक करील. अॅम्प्लिफायरच्या वॅटमागे धावू नये. ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला अशा खोलीत घरगुती आवाजासाठी एखाददोन वॅट सहसा पुरतात, म्हणून ४०-५० वॅटचा चांगला अॅम्प्लिफायर भरपूर झाला. महागड्या केबलवर एक रुपयाही घालवू नये. कर्ज किंवा हप्ते काढून हे सारे घ्यायचे असेल, तर मात्र घरच्यांचे म्हणणे ऐकावे. आणि जुनी जोडी स्वस्तात मिळत असेल, तर स्पीकरच्या कंप पावणाऱ्या शंकूभोवतीची कड फोमची आहे की रबराची, ते जाळी काढून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो, रबर टिकते.