जुन्या गोव्यातलं सांता मोनिका कॉन्व्हेंट का बंद पडलं? तिथल्या नन कुठे गेल्या? भुयाराची गोष्ट खरी आहे का?

कुठे गेल्या म्हणजे? कुठेही गेल्या नाहीत. तिथेच म्हाताऱ्या झाल्या आणि तिथेच वारल्या. शेवटची १८८५ साली.

खरं तर मी इथे नुसता वाचतो, उत्तरं देत नाही. पण तुम्ही शेवटी ते भुयार जोडलंत म्हणून लिहायला बसलो.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. माझी आत्या सिस्टर आहे. काही वर्षांपूर्वी तिला मठातून आठ दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा मी तिला गोवा दाखवायला नेलं. पणजीहून टॅक्सी केली. मोंते सांतो टेकडीवर गाडी थांबली की एका बाजूला सेंट ऑगस्टीनचा मोडका मनोरा दिसतो आणि समोर सांता मोनिकाची किल्ल्यासारखी भिंत, तिला मोठमोठे धिरे दिलेले. ड्रायव्हर म्हणाला, "इधर फादर लोग, उधर सिस्टर लोग, बीच में सुरंग. समझ गये ना?" आणि आरशातून डोळा मारला. आत्या त्या दिवशी साध्या सुती साडीत होती, त्यामुळे त्याला कल्पना नव्हती. मी तापलो. आत्या शांतपणे म्हणाली, "भाऊ, रोज सुबह साढ़े चार बजे उठके देखो. फिर बताओ, सुरंग खोदने की ताकत बचती है क्या." पुढे बासिलिका चर्चपर्यंत तो गप्प होता.

तर भुयार नाही. समोरासमोर बांधलं त्याचं कारण सरळ आहे. मठ उभारणारे आर्चबिशप आलेइश द मेनेझिस स्वतः ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टीनच्या नियमाने राहणाऱ्या पंथाचे, बायकाही त्याच नियमाने राहणार, आणि मिस्सा (प्रार्थनाविधी) नि कुमसार (पापांची कबुली) यांना धर्मगुरू लागणारच. १६०६ मध्ये पाया घातला, १६२७ मध्ये काम पुरं झालं, १६३६ मध्ये आग लागली आणि लगेच परत बांधलं. पूर्वेकडचा बायकांचा पहिला मठ हाच. बेबिंका, म्हणजे गोव्याचं ते थराथरांचं गोड पक्वान्न, इथल्याच सिस्टर बिबियानाने केली असंही सांगतात. कथाच आहे ती, पण भुयारापेक्षा बरी.

आता माझ्या काकांचं आवडतं वाक्य. "पोरींचा हुंडा वाचवायला मठात टाकायचे." आत्या एकविसाव्या वर्षी घरातून निघाली तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं होतं आणि आजही प्रत्येक लग्नात ऐकवतात. काका, सांता मोनिकात शिरायला मठालाच हुंडा द्यावा लागायचा! चांगला घसघशीत. गोव्याच्या नगरसभेचं मठाशी वाजलं ते त्यावरूनच. शहरातला पैसा आणि लग्नाच्या मुली दोन्ही भिंतीआड चालल्यात, अशा तक्रारी थेट पोर्तुगालच्या राजाकडे जात होत्या. आत्याने मात्र नेली ती एक पत्र्याची ट्रंक, आणि तीही काकांचीच जुनी. कदाचित राग त्याचाच असेल.

बंद का पडलं, तर बंद पाडलं. पोर्तुगालमधलं यादवी युद्ध उदारमतवाद्यांनी जिंकलं आणि १८३४ मध्ये पुरुषांचे मठ एका फटक्यात बरखास्त केले. गोव्यातल्या फादरांना १८३५ मध्ये बाहेर पडावं लागलं. समोरचा ऑगस्टीनचा मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचं छत खाली आलं. बायकांना हाकललं नाही. फक्त नवी मुलगी घ्यायची नाही, एवढाच नियम. एके काळी जिथे शंभराच्या आसपास जणी होत्या, तिथे नुसतं वय वाढत गेलं. भोवतालचं शहर तर आधीच रोगराईने उठून पणजीला गेलेलं. पन्नास वर्षं, समोर पडका मठ, बाहेर माड आणि रान.

हे मी ओवरीत उभा राहून आत्याला सांगत होतो. ती ऐकत नव्हती, दारं मोजत होती. मग म्हणाली, "शेवटी शेवटी स्वयंपाक कुठल्या भांड्यात करत असतील गं बाया? शंभर जणींची पातेली, त्यात दोघींचा भात."

तिच्या मठात हेच चाललंय. पूर्वी अकरा जणी होत्या, आता चार. जेवणाचं टेबल बारा जणींचं. चौघी एका टोकाला बसतात, पण खुर्च्या कुणी हलवत नाही. काका दर वर्षी तिला घरी आणायची टूम काढतात. म्हातारपणी आपल्या माणसांत राहावं वगैरे. अहो, पन्नास वर्षं ज्यांच्याबरोबर जेवली ती आपली माणसं नव्हेत तर कोण? तुमच्याही घरात कुणी सिस्टर असेल तर एकदा जाऊन जेवून या आणि मग बोला.

एक मात्र कबूल. सांता मोनिकातल्या सगळ्याच जणी मनाने आल्या होत्या असं मी म्हणणार नाही. आत गुलाम बायकाही राबायच्या, आणि त्यांना कुणी काही विचारलं नसणार. काकांचं तेवढं अर्धं खरं. हे त्यांना दाखवू नका.

आणि हो, १८८५ नंतर तिथे पोर्तुगीज सैनिकही राहून गेले. १९६४ पासून मातेर देई ही संस्था आहे, सिस्टरांना शिकवणारी. म्हणजे इमारतीत पुन्हा सिस्टर आल्या, फक्त त्या ऑगस्टिनियन नव्हेत. ख्रिस्ती कलेचं म्युझियमही तिथेच आहे, ते जरूर बघा. टॅक्सी करणार असाल तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, सुरंग नको.