आर्द्रेचा तारा फुटणार का हो?

प्रश्न: केळीला पाणी द्यायचं तर लाईट रात्रीची, म्हणून हिवाळ्यात मोटार चालू करायला मळ्यात जावं लागतं. तेव्हा मृगातला तो तांबूस तारा दिसतो. यूट्यूबवर रोज कोणीतरी सांगतं की हा आता फुटणार. मधे तो मंद झाला होता हे खरं का? आणि इतक्या लांबचं यांना कळतं कसं?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर: भाऊ, मंद झाला होता हे शंभर टक्के खरं. तो आर्द्रेचा तारा, काक्षी पण म्हणतात. २०१९च्या शेवटी त्याचा उजेड उतरायला लागला आणि फेब्रुवारी २०२०मधे नेहमीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला, रोहिणीपेक्षाही फिका. तेव्हाच हे "फुटणार फुटणार" सुरू झालं ते अजून थांबेना. फुटेल तो, पण शास्त्रज्ञांचा अंदाज लाखभर वर्षांचा आहे, तोवर केळीच्या किती बागा होतील बघा!

आता कळलं कसं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने त्याच्या तबकडीचा फोटो काढला (बाकीचे बहुतेक तारे फोटोत नुसता ठिपकाच राहतात, हा सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्याही पलीकडे पोचेल एवढा अवाढव्य, म्हणून जमलं) तर दक्षिणेकडचा अर्धा भाग काळवंडलेला. मग मॉडेलवाले कामाला लागले. मॉडेल म्हणजे काय, तर ताऱ्याचं वजन, तापमान, गॅसचा दाब असं सगळं गणितात घालायचं आणि कॉम्प्युटरवर तो तारा चालवून बघायचा. शेवभाजीचा रस्सा रटरटताना मोठमोठे बुडबुडे वर येतात तसा या ताऱ्याचा गॅस खालून वर उसळतो, फक्त इथला एकेक बुडबुडा आपल्या सूर्यापेक्षा मोठा. असाच एक लोट बाहेर फेकला गेला, थंड झाला, त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या बाजूला आडवी आली. जपानच्या हिमावारी-८ या हवामानाच्या उपग्रहाच्या फोटोंत पृथ्वीच्या कडेला हा तारा आपोआप यायचा, ते जुने फोटो काढून तपासले तर दिसलं की धुळीबरोबर तारा स्वतःही थोडा थंड झाला होता. पाऊस बघायला सोडलेल्या उपग्रहाने ताऱ्याचा ताप मोजला, मला तर हे फार आवडलं.

याच्यापुढची गंमत म्हणजे त्याचा उजेड साधारण सहा वर्षांच्या चक्रातही कमीजास्त होतो, त्यावरून २०२४मधे दोन टीमनी गणित मांडलं की याला एक जोडीदार तारा असणार. डिसेंबर २०२४मधे हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने सेकंदाच्या बारीक तुकड्यातले हजारो फोटो घेतले, हवेची थरथर त्यातून काढून टाकली, तर सांगितल्या जागी एक फिका ठिपका! पक्कं शिक्कामोर्तब व्हायचंय, नीट बघायची पुढची संधी नोव्हेंबर २०२७ला.

तुम्ही काय करा, मोटार चालू झाली की त्याची रोहिणीशी तुलना करा, तारीख टाकून वहीत लिहा. उजेड बदलणाऱ्या ताऱ्यांच्या अशा नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी शास्त्रज्ञ आजही वापरतात.

प्रश्न: हे सगळं परदेशातच का? आपल्याकडे विचित्र ताऱ्यांवर काही होतं का?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर: होतं की! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० अँटेना. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेच्या टीमने २०२१मधे त्यावर एका दुर्मिळ जातीचे आठ तारे शोधल्याचं जाहीर केलं. हे सूर्यापेक्षा गरम, चुंबकीय क्षेत्र जबरदस्त, आणि स्वतःभोवती फिरता फिरता ठराविक वेळी रेडिओ लहरींचा झोत आपल्याकडे टाकतात. असा पहिला तारा २००० साली सापडला होता, नंतर बरीच वर्षं वाटायचं की हा एकटाच अपवाद असेल. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरत आलंय, यंदाचं आधी विचारून घे आणि मगच कॉलेजची गाडी ठरव.