स्विच हाताने निघतो का, ते आधी बघा

उदगीरच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी मांडलंय असं वाटलं. त्यांना तीन हजारांच्या आत वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) हवा, क्लार्क-टायपिस्टच्या परीक्षेची तयारी चालू, हातातल्या कीबोर्डवर काना दोन-दोनदा उमटतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला "चालतोय की व्यवस्थित" म्हणून परत पाठवतो. परभणीत माझं डीटीपीचं काम आहे, दिवसभर बोटं कीबोर्डवरच असतात, तेवढ्या अधिकाराने बोलतो. कुठल्या कंपनीशी माझं देणंघेणं नाही. किमती सेलमध्ये रोज खालीवर होतात, त्यामुळे "एकच मॉडेल सांगा" म्हणू नका.

लाल, ब्राऊन, निळा स्विच म्हणजे काय, यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पडलेत, त्यात शिरत नाही. घरात सगळे एकाच खोलीत झोपत असतील आणि तुम्ही रात्री प्रॅक्टिस करणार असाल, तर कटकट वाजणाऱ्या निळ्याच्या वाटेला जाऊ नका, एवढंच.

माझ्या लेखी या बजेटमध्ये बघायची गोष्ट एकच: हॉट-स्वॅप. म्हणजे प्रत्येक स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता आला पाहिजे. बॅटरी, लायटिंग, बाजूचं ते गोल नॉब, सगळं त्याच्यानंतर. कारण आपल्याकडे वॉरंटी कागदावर असते आणि दुरुस्ती पुण्या-मुंबईत.

आता माझं काय झालं ते ऐका. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या सरकारी मांडणीत, काना इंग्रजी ई (E) च्या बटणावर आहे. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षरही ईच. म्हणजे दोन्ही भाषांचा मार एकाच स्विचवर. स्विचच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, त्या टेकताना किंचित थरथरतात. ती थरथर काही मिलिसेकंद दुर्लक्षित करायची सोय कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्राममध्ये असते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली की थरथर लांबते आणि एका दाबाची दोन अक्षरं होतात. मराठीत ते लगेच डोळ्यात खुपतं, कारण कान्यावर काना पडला की स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं. प्रबंधाच्या पानात अशी वर्तुळं शोधत बसणं काय असतं ते मलाच माहीत.

कीबोर्ड वॉरंटीत होता, म्हणून मराठवाडा एक्सप्रेसने संभाजीनगरला गेलो. तिथल्या पोराने नोटपॅड उघडलं, सगळी बटणं एकेकदा दाबली आणि म्हणाला, "काहीच फॉल्ट नाही." अरे बाबा, हा फॉल्ट पन्नास दाबांत एकदा येतो! मी तिथंच उभा राहून भराभर टायपून दाखवलं, दोन वर्तुळं आली, तर म्हणे तुमचा हात जड आहे. मग बिल माझ्या मावसभावाच्या नावावर का, हा प्रश्न. मग डब्यावरचा सीरियल नंबरचा स्टिकर कुठंय. शेवटी "आम्ही फक्त कलेक्शन पॉइंट आहोत, माल पुण्याला जातो" हे सांगितलं, जे दारातच सांगता आलं असतं. पुढे फोन केला की "ऑब्झर्व्हेशनवर आहे." कीबोर्ड परत आला तेव्हा कागदावर नो फॉल्ट फाउंड, स्पेसबार नव्याने खडखड वाजत होता, आणि वॉरंटी संपलेली. त्यांच्या कपाटात पडून होता तो काळही माझ्याच वॉरंटीतून कापला. हे मला अजून पचत नाही. कीबोर्डचे पैसे गेले त्याचं इतकं नाही, तेवढे दिवस उसन्या कीबोर्डवर काम ओढलं आणि एक गिऱ्हाईक कायमचं तुटलं, त्याचं आहे.

शेवटी इथल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याने सोल्डर सोडवून स्विच बदलला आणि चहाच्या पैशात काम केलं. हॉट-स्वॅप असता तर तेही लागलं नसतं. ईचा स्विच काढायचा, स्क्रोल लॉकसारख्या कधी न दाबल्या जाणाऱ्या बटणाचा तिथं लावायचा, झिजलेला त्या जागी ढकलायचा. नवा विकतही घ्यायला नको.

म्हणून तुम्हाला जायचंच असेल तर आधी घरी व्हिडिओ काढा, ज्यात फॉल्ट आणि मागचा सीरियल नंबर दोन्ही दिसतील. जॉबशीटवर तारीख आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "चेकिंग" एवढं लिहू देऊ नका. तरी टोलवाटोलवी केली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला लातूर पुरेल, विक्रेत्याच्या गावाला जायची गरज नाही. मी वकील नाही, बारकावे माहितगाराला विचारा.

आता हॉट-स्वॅप लिहिलेलं दिसलं म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका. काही स्वस्त बोर्डांच्या सॉकेटमध्ये फक्त आउटेमू कंपनीचे पातळ पिनांचे स्विच बसतात, गेटरॉन किंवा केल या कंपन्यांचे जात नाहीत. काही ऑप्टिकल, म्हणजे उजेडाच्या किरणाने दाब ओळखणारे असतात, त्यांत साधे मेकॅनिकल स्विच चालतच नाहीत. तीन पिनांचं सॉकेट असेल तर पाच पिनांच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय नेलकटरने कापून बसवता येतात, त्याचं टेन्शन नाही. आणि "मेकॅनिकल फील" लिहिलेलं असेल तर तो मेम्ब्रेन, म्हणजे आत रबरी पडदा असलेला साधा कीबोर्ड आहे, पुढे सरका. खाली "बनी तो बनी, नहीं तो परभणी" छापाचे रिव्ह्यू असतात, त्यातले एक आणि दोन ताऱ्यांचेच वाचा.

वायरलेसचं म्हणाल तर डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला) घ्या, ब्लूटूथ जोडीला असलं तर फोनसाठी बरं. नुसत्या ब्लूटूथवाल्याला झोपेतून उठायला क्षणभर लागतो आणि पहिलं अक्षर गिळलं जातं. डोंगल पीसीच्या मागे निळ्या यूएसबीत खोचू नका. यूएसबी 3 चा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झवर पडतो आणि अक्षरं अडकायला लागतात. छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणला की बहुतेक वेळा भागतं. रंगीत लाइट बंद ठेवा, बॅटरी तेच खातात.

अजून एक. कीबोर्ड चार्जच होत नाही म्हणून परत करायच्या आधी वायर बदलून बघा. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांना दोन्हीकडे सी असलेली वायर आणि फोनचा फास्ट चार्जर चालत नाही. डब्यातली, एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली वायर पीसीला लावा.

साठ टक्के आकाराचा छोटा कीबोर्ड घेऊ नका. त्यात बाणांची बटणं नसतात, आणि एक्सेलमध्ये डेटा एन्ट्री करताना तुम्ही रडाल. पंच्याहत्तर टक्क्यांचा किंवा टीकेएल (फक्त उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला) बघा.

परीक्षेबद्दल मात्र माझं मत कडू लागेल. मिनिटाला मराठी 30, इंग्रजी 40 शब्दांचा वेग मेकॅनिकलने येत नाही. केंद्रावर समोर जो असेल त्यावरच हात चालवावा लागणार, आणि तो बहुधा साधा मेम्ब्रेनच. मेकॅनिकलवर दोन मिलिमीटर दाबलं तरी अक्षर उमटतं, मेम्ब्रेनला बूड गाठावं लागतं. अलगद दाबायची सवय लागली की तिथं अक्षरं गळतात. निदान शेवटचा महिना कॉम्प्युटर क्लासमधल्या साध्या कीबोर्डवरच काढा.

आणि नवीन मागवायच्या आधी हातातल्या कीबोर्डचं स्क्रोल लॉकचं वरचं टोपण काढून स्विच वरच्या-खालच्या दोन्ही कडांना दाबून सरळ वर ओढून बघा. निघाला तर तुमचा हॉट-स्वॅपच आहे, तो ईच्या जागी लावा आणि तीन हजार खिशात ठेवा. नाही निघाला तर जोर लावू नका, सोल्डर आहे. काय निघतंय त्याचा फोटो इथंच टाका, मग सांगतो.