शर्टाच्या पाठीला कुसळं

पत्र

ताई, माझे मिस्टर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी कायमची नाईट घेतली, रात्री अकरा ते सकाळी सात. नाईटचे पैसे वेगळे मिळतात आणि आमचा हुडकेश्वरच्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय. आधी ते कामगारांच्या बसनं जायचे. ती बस अख्खं गाव फिरत येते, घरी पोचायला पावणेनऊ. मीच म्हटलं, दारात मोटरसायकल उभी असताना बसला महिन्याचे चौदाशे कशाला द्यायचे? गाडीनं आठला घरी येतील आणि मुलालाही शाळेत सोडून देतील. म्हणून मुलाचा ऑटोही बंद केला, त्याचे अकराशे. पेट्रोल ते त्यांच्या खर्चाच्या पैशातून टाकतात. वाचलेले अडीच हजार मी भिशीत भरते, नव्या घरात सोफासेट घ्यायचा आहे.

पण दोन महिन्यांपासून काहीतरी बिनसलंय. सातला सुटलेला माणूस कधी आठला येतो, कधी नऊला, कधी साडेनऊला. फोन उचलत नाहीत. विचारलं तर 'चहाला थांबलो होतो' एवढंच. मुलाची शाळा आठवड्यातून दोनदा बुडते. घरी आले की चिडचिड. जेवताना घास हातात धरून बसून राहतात. दुपारी एकला जेवायला उठवलं तर अंगावर ओरडतात. माझी बहीण म्हणते, बाहेर काही तरी आहे, लक्ष ठेव. मी खिसे पाहते, शर्ट पाहते. काही सापडत नाही, नुसती पाठीला माती आणि कुसळं, ती तर धुतानाही निघत नाहीत. कंपनीत विचारलं तर म्हणाले, गेटच्या बाहेर आमची जबाबदारी नाही. भावाला यांच्या मागावर पाठवू का?

— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर

भावाला झोपू द्या. साडेसात ते नऊ तुमचे मिस्टर कुठे असतात ते मी सांगते. वर्धा रोडच्या कडेला, गाडी स्टँडवर लावून, गवतात आडवे पडून झोपलेले असतात.

संशयाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत आणि पुरावा मात्र धुण्याच्या कटकटीत टाकून दिलात. कुसळं पाठीला आहेत. गुडघ्याला नाहीत, बाहीला नाहीत, पाठीला. पाऊस सरला की रस्त्याकडेचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं कापडात अशी शिरतात की एकेक चिमटीनं उपटावी लागतात. त्यात कोणी हौसेनं लोळत नाही. पुढचे दहा किलोमीटर डोळे उघडे राहणार नाहीत हे ज्याला कळलंय, तोच तिथे पाठ टेकवतो. आणि तुमच्या बहिणीसाठी सांगते, सकाळी आठ वाजता, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, कुसळात पडून चालणारं प्रकरण माझ्या तरी अजून ऐकिवात नाही.

आता तुमचं 'दोन महिन्यांपासून' पाहा. बस बंद झाली पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि उशीर सुरू झाला दोन महिन्यांपूर्वी. मधले महिने ते वेळेवर येत होते, कारण चिखलात आडवं पडायला जागा नव्हती. त्या दिवसांत हा माणूस डुलक्या खात, ओल्या रस्त्यावरून, ट्रकांच्या मधून घरी येत होता आणि तुम्हाला वाटत होतं, सगळं कसं सुरळीत चाललंय. गवत वाळलं तशी त्यांना झोपायची जागा मिळाली. हल्ली ते उशिरा येतात, हीच या सगळ्या पत्रातली चांगली बातमी आहे.

फोन काहून उचलत नाहीत म्हणता? झोपलेले असतात, बाई.

तुम्ही त्यांना दुपारी एकला उठवता. पुन्हा डोळा लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांना जागं राहून एकोणीस तास झालेले असतात. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची नजर आणि हात १०० मिलीलीटर रक्तात ५० मिलीग्रॅम दारू असल्यासारखे मंद चालतात, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. आपला कायदा ३० मिलीग्रॅमच्या वर गेलेल्या माणसाला गाडी चालवू देत नाही. तुमचे मिस्टर थेंबालाही शिवत नसतील, तरी रोज सकाळी ते त्याच अवस्थेत हँडल धरतात, आणि झोप फुंकर मारून तपासायचं यंत्र कुठल्याच चौकात नसतं. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा मिटला तर गाडी ५० मीटर पुढे जाते. बुटीबोरीला हैदराबादकडची आणि वर्धा-यवतमाळकडची वाहतूक एकत्र होते, तिथून डोंगरगाव, जामठा, खापरीपर्यंत सगळं त्याच एका रस्त्यावर. तिथे ५० मीटरमध्ये काय काय उभं असतं ते एकदा सकाळी जाऊन बघा. तोंडावर पाणी मारणं, मोठ्यानं गाणी म्हणणं, चहा, तंबाखू, सगळ्याचा जोर काही मिनिटांचा. बाजूला थांबून झोपणं एवढाच खरा उपाय असतो आणि तो त्यांनी स्वतःच शोधून काढलाय. फक्त उठवायला कोणी नसतं, म्हणून वीस मिनिटांची दीड तास होते.

तुम्हाला सांगितलं का नाही? कसं सांगतील? तुम्ही हिशोब मांडलात, अडीच हजार वाचवून दाखवलेत, भिशीत नाव घातलंत. त्यानंतर 'मला झोप येते' हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आपल्याकडे पुरुष अपघात झाला म्हणून सांगतो, पगार कापला म्हणून सांगतो, पण झोप आवरत नाही हे त्याच्या तोंडून निघत नाही. चहाला थांबलो म्हणणं सोपं. मला या माणसाबद्दल फार माया वाटते आहे आणि तुमच्यावर राग येतोय, तो मी लपवत नाही.

राग शर्ट तपासल्याचा नाही. असा तर्राट झोपेत आलेला माणूस दारात गाडी बंदसुद्धा करत नाही तोच तुम्ही पाठीमागे मुलाला बसवता आणि 'लवकर सोडून या' म्हणता, त्याचा आहे. आठवड्यातून दोनदा शाळा बुडते म्हणून तुम्ही त्रासल्या आहात. उरलेल्या चार दिवसांचा मी विचार करते आहे.

ती बस अख्खं गाव फिरते, ही तुमची तक्रार. फिरू दे की! पावणेदोन तास खिडकीला डोकं टेकवून ते झोपायचे, चालवायचं काम ड्रायव्हरचं. घरी यायचे तेव्हा झोपेचा पहिला हप्ता वसूल झालेला असायचा. तेव्हा जेवताना बोलायचे की नाही, ते आठवून बघा. मेट्रोचं म्हणाल तर ती खापरीपर्यंत आहे. बुटीबोरी दुसऱ्या टप्प्यात आहे, तोवर तुमचा मुलगा कोणत्या वर्गात असेल देव जाणे.

आणि तो अडीच हजारांचा हिशोब. पेट्रोल ते स्वतःच्या खर्चातून टाकतात, असं एका वाक्यात लिहून तुम्ही मोकळ्या झालात. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दीड हजार किलोमीटर. गाडी पन्नासचं ॲव्हरेज देत असेल तर तीस लीटर. लीटर शंभराच्या वर आहे. महिन्याला तीन हजारांहून जास्त पैसे हा माणूस गुपचूप टाकीत ओततोय, नाईटचे जास्तीचे मिळतात त्यातूनच बहुतेक, म्हणजे तुमचे अडीच हजार वाचावेत. बस आणि ऑटो दोन्ही पुन्हा लावा, तरी या पैशात भागून पाचशेच्या वर उरतात. भिशीही चालू राहते, सोफासेटही येतो. एवढं साधं गणित त्यांना येत नसेल असं नाही. तुम्ही खूश होतात म्हणून बोलले नसतील.

कंपनीवाल्यांचं 'गेटच्या बाहेर आमची जबाबदारी नाही' हे एवढ्यावर सोडू नका. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर त्यांचं ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड असायला हवं, आणि त्या योजनेत घर ते कामाच्या वाटेवरचा अपघात, वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध जुळत असेल तर, २०१० पासून कामावरचाच धरतात. कार्ड आहे का बघा, त्यावर तुमचं आणि मुलाचं नाव आहे का बघा. ईएसआयसी लागू नसलेल्या कामगारांसाठी भरपाईचा जुना कायदा होता, तिथेही सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये हाच अर्थ लावला. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला, त्याच्या घरच्यांचं हे प्रकरण. बावीस वर्षं चाललं. हे मी तुम्हाला भरपाई कशी मिळवायची म्हणून सांगत नाही. बावीस वर्षं कोर्टात कोण उभं होतं, तेवढं लक्षात घ्या.

तर करायचं एकच. आज संध्याकाळी, ते निघायच्या आत, बसवाल्याला फोन करून त्यांची सीट परत घ्या. सीट भरली असेल तर उभं राहून जातील म्हणा, दोन दिवसांत कोणी ना कोणी सुट्टीवर जातंच. ऑटोवाल्याला त्याच फोनच्या पाठोपाठ दुसरा फोन. पहिली तारीख यायची वाट पाहू नका, महिना मध्येच सुरू झाला तर पैसे पूर्ण घेतील, घेऊ द्या. त्यांना विचारायला जाऊ नका, कारण विचारलंत की ते 'राहू दे, जमतंय मला' म्हणतील आणि तुम्हाला ते ऐकायला आवडेल. उद्यापासून बस लावली आहे, एवढंच सांगायचं आणि गाडीची चावी तुमच्या कपाटात. कुसळांचा विषय काढायचा नाही. बस नक्की होईपर्यंत एखादी रात्र गाडीनं जावं लागलं, तर एक जाड चादर द्या बरोबर, आणि आठला नाही, सव्वाआठला फोन करून उठवा.

दुपारी एकला उठवणं बंद. सगळ्यांनी एकत्र जेवायची हौस रविवारी भागवा. पोळी-भाजी झाकून ठेवा, चारला गरम करून द्या. खिडकीला जाड पडदा लावा, तो सोफ्याच्या आधी घ्या. डोअरबेलचं बटण बंद ठेवा, सिलिंडरवाल्याला नंबर देऊन ठेवा, मिक्सर सकाळीच फिरवून घ्या. आणि बहिणीशी बोलायचं झालं तर बाल्कनीत जाऊन बोला.